अथेन्सजवळच्या पिकर्मीत उतरण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की अथेन्सहून रफिना बंदराकडे जाताना वाटेत पिकर्मी लागतं, तिथे जीवाश्म सापडतात असं ऐकलंय, तर उतरावं का?

गाव म्हणून पाहायला फारसं काही नाही. अथेन्सच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवरचं उपनगर, मॅरेथॉनकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पसरलेलं. अथेन्सची मॅरेथॉन पळायला जाणारे याच रस्त्याने जातात. तरी मी उतरलो होतो, आणि परत संधी मिळाली तर परत उतरेन.

कारण आहे तिथला ओढा, मेगालो रेमा. त्याच्या काठची माती तांबडी, कोकणातली दरड आठवावी अशी. या मातीत सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं खच्चून भरली होती: तीन खुरांचे घोडे, जिराफाचे भाऊबंद, तरस, हरणं, खालच्या जबड्यात वाकडे सुळे असलेले अजस्र हत्तीसारखे प्राणी. 1830च्या दशकात ग्रीसच्या गादीवर जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजघराण्यातला राजा होता. त्याचा एक शिपाई इथली हाडं घेऊन म्युनिकला परतला. आतल्या पोकळीतले चकचकीत स्फटिक त्याला हिरे वाटले होते! ते होते साधे कॅल्साइटचे. पण त्या हाडांत आंद्रेआस वाग्नर या प्राणिशास्त्रज्ञाला माकडाचा जबडा दिसला आणि 1839 मध्ये त्याने त्याचं बारसं केलं, मेसोपिथेकस पेंटेलिकस. पेंटेलिकस म्हणजे शेजारच्या पेंतेली डोंगराचा, ज्याच्या संगमरवरातून पार्थेनॉन उभं राहिलं तो.

माझा जीव अडकलाय तो या माकडात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर गोद्री याने 1855-56 मध्ये आणि पुन्हा 1860 मध्ये इथे खणलं. मधल्या काळात, 1859 साली, डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला होता. गोद्रीच्या हाती आलेल्या या प्राण्याचं डोकं होतं वानराच्या वळणाचं आणि हातपाय माकडाच्या. आपण मराठीत काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर आणि लाल तोंडाचं ते माकड असा फरक सहज करतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला चटकन भिडते. दोघांचे गुण एकाच अंगात! आज त्याला वानराच्याच कुळात धरतात, पण तेव्हा डार्विननेही 1871 च्या पुस्तकात या दुव्याची दखल घेतली. गोद्रीने पिकर्मीच्या प्राण्यांवरून वंशवृक्ष काढले, आणि जीवाश्मांवरून काढलेल्या अगदी सुरुवातीच्या वंशवृक्षांत त्यांची गणना होते. ज्यांना आजही ‘मधले दुवे सापडलेच नाहीत’ असं वाटतं, त्यांना मी आधी पिकर्मीचं नाव सांगतो.

तेव्हा असं करा. आधी अथेन्स विद्यापीठाच्या झोग्राफू परिसरातलं जीवाश्म संग्रहालय बघा, उघडण्याची वेळ विचारून घ्या. पिकर्मीचे प्राणी तिथे आहेत. (पॅरिसला गेलात तर गोद्रीने नेलेली हाडं तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत.) मग मॅरेथॉन-रफिनाकडची बस धरून पिकर्मीला उतरा आणि तांबडी दरड बघून या. एक कळकळीची विनंती: हाडाचा तुकडा दिसलाच तर हात लावू नका, जागेवरून फोटो काढा आणि विद्यापीठाला कळवा. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडलंय यावरच त्या हाडाची गोष्ट उलगडते, आणि खिशात गेलं की ती संपते.