पणजीपुढे २५६ आणि फोंड्यापुढे सव्वा कोटी: सी भाषेतील स्ट्रिंग आणि देवनागरी मजकूर

तुमच्या प्रश्नात दिलेल्या आकड्यांतच त्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून इतरांच्या सोयीसाठी ते आधी पुन्हा मांडतो. देवस्थानच्या जत्रेच्या वर्गणीची यादी ठेवण्यासाठी तुम्ही सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला आहे. प्रत्येक नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात) आधी गावाच्या नावासाठी दहा कॅरची ॲरे, म्हणजे एकेका बाइटच्या दहा घरांची सलग रांग, आहे आणि तिच्या मागोमाग रकमेसाठी इंट, म्हणजे चार बाइटांचा पूर्णांक, आहे. प्रोग्रॅम आधी रक्कम भरतो आणि नंतर स्ट्रकॉपी हे मजकूर उतरवणारे फंक्शन वापरून गावाचे नाव भरतो. सर्वांची वर्गणी ५०१ रुपये असूनही पणजीपुढे २५६, फोंड्यापुढे १२४९४०४८ आणि म्हापशापुढे उणे ५२ कोटींच्या घरातला आकडा छापला जातो. शिवाय ‘म्हापसा’ हे नाव अर्धवट तुटून त्याला पुढच्या नोंदीतील ‘साखळी’ चिकटते. सी भाषेत मराठी चालत नाही, असा निष्कर्ष यावरून तुम्ही काढला आहे आणि या चर्चेतील वरच्या दोन उत्तरांनी त्याला दुजोराही दिला आहे. हा निष्कर्ष बरोबर नाही. सी भाषेत मराठी उत्तम चालते, फक्त जागा मोजताना अक्षरे मोजून चालत नाही.

सी भाषेत स्ट्रिंग नावाचा वेगळा प्रकारच नाही. एकापाठोपाठ एक ठेवलेले बाइट (० ते २५५ किंमत मावणारी मेमरीतील घरे) आणि त्यांच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, एवढीच तिची व्याख्या. लांबी कुठेही नोंदवलेली नसते. लांबी मोजणारी स्ट्रलेन प्रत्येक वेळी पहिल्या बाइटपासून शून्य भेटेपर्यंत चालत जाते आणि वाटेत किती बाइट लागले ते सांगते. ॲरे किती मोठी आहे हे स्ट्रकॉपीला ठाऊक नसते आणि विचारण्याची सोयही नसते. तिला दोन पत्ते मिळतात आणि शून्य येईपर्यंत ती इकडचे बाइट तिकडे उतरवत राहते.

आता यात देवनागरी कुठे येते ते पाहा. तुमची फाइल यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीने साठवलेली आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ही पद्धत आखली, तेव्हा जुन्या सी प्रोग्रॅमना धक्का लागू नये याची काळजी घेतली होती: कोणत्याही अक्षराच्या मधोमध शून्य किमतीचा बाइट येत नाही, त्यामुळे स्ट्रलेन आणि स्ट्रकॉपी मराठी मजकुरावरही विनातक्रार चालतात. मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि चिन्ह म्हणजे केवळ व्यंजन नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताचा पाय मोडण्याचे चिन्ह, ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘पणजी’ म्हणजे प, ण, ज आणि दीर्घ वेलांटी, अशी चार चिन्हे, बारा बाइट. ‘फोंडा’ दोनच अक्षरांचा दिसतो, पण त्यात फ, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ड आणि काना अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट आहेत. ‘म्हापसा’ तीन अक्षरांचा, सात चिन्हांचा आणि एकवीस बाइटांचा. शेवटचा शून्य बाइट यात धरलेला नाही. दहा कॅरच्या ॲरेत यांपैकी एकही नाव मावत नाही.

न मावलेले बाइट कुठे गेले, हे तुमच्या आकड्यांवरून नेमके सांगता येते. इंटची सुरुवात चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर व्हावी म्हणून कंपायलर दहा बाइटांच्या ॲरेनंतर दोन बाइट रिकामे सोडतो. म्हणून नाव ० ते ९ या स्थानांवर, रक्कम १२ ते १५ या स्थानांवर, आणि पूर्ण स्ट्रक्चर सोळा बाइटांचे. पणजीचे बारा बाइट ० ते ११ मध्ये बसले आणि शेवटचा शून्य बाइट बाराव्या स्थानावर, म्हणजे रकमेच्या पहिल्या बाइटवर पडला. आपल्या नेहमीच्या संगणकांत इंटचा सर्वांत लहान वजनाचा बाइट आधी ठेवतात. ५०१ म्हणजे २५६ अधिक २४५. त्यातला २४५ चा बाइट पुसला गेला आणि २५६ उरले. फोंड्याच्या बाबतीत शेवटचा काना थेट रकमेत जाऊन बसला. काना म्हणजे २२४, १६४ आणि १९० हे तीन बाइट, त्यापुढे समाप्तीचा शून्य. २२४ अधिक १६४ गुणिले २५६ अधिक १९० गुणिले ६५५३६ केले की १,२४,९४,०४८ येतात. तुमच्या यादीत छापला गेलेला सव्वा कोटीचा आकडा म्हणजे फोंड्याचा काना आहे.

म्हापशाने तर हद्दच ओलांडली. त्याच्या ‘प’चे तीन बाइट आणि ‘स’चा पहिला बाइट रकमेत गेले, चौथ्या बाइटची किंमत २२४ असल्याने ती संख्या ऋण ठरली आणि उरलेले बाइट पुढच्या नोंदीत सांडले. त्यानंतर प्रोग्रॅमने पुढच्या नोंदीत ‘साखळी’ लिहिली आणि सांडलेले बाइट, त्यांतील समाप्तीच्या शून्यासह, पुसले गेले. छापताना प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला शून्य भेटले ते थेट साखळीच्या शेवटी. लक्षात घ्या, हे सर्व तुमच्या यंत्रावर, तुमच्या कंपायलरने, या क्रमाने घडले. भाषेच्या नियमाप्रमाणे ॲरेबाहेर लिहिल्यावर काय होईल याची कसलीच हमी नाही, आणि दुसऱ्या संगणकावर प्रोग्रॅम निमूटपणे बंदही पडू शकतो.

वरच्या एका उत्तरात स्ट्रएनकॉपी, म्हणजे किती बाइट उतरवायचे याची मर्यादा घेणारी स्ट्रकॉपी, सुचवली आहे आणि तिला ‘सुरक्षित’ म्हटले आहे. माझे मत याच्या उलट आहे. हे फंक्शन जुन्या युनिक्समधील चौदा बाइटांच्या ठरावीक जागेत फाइलचे नाव भरण्यासाठी आले, आणि त्या कामाला ते चोख होते: नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, नाव पूर्ण जागा व्यापत असेल तर शेवटी शून्य ठेवायचाच नाही. स्ट्रिंगसाठी हा दुसरा नियम घातक आहे. दहाची मर्यादा देऊन पणजी उतरवली तर प, ण, ज यांचे नऊ बाइट आणि वेलांटीचा एक सुटा बाइट येतो, समाप्तीचा शून्य येत नाही. पडद्यावर ‘पणज’ आणि त्यापुढे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते, आणि त्यानंतर रकमेचे बाइटही मजकूर समजून छापले जाऊ शकतात. मर्यादा नऊ ठेवून शून्य आपल्या हाताने लावला तर निदान मेमरी शाबूत राहील, पण देवस्थानच्या यादीत ‘पणज’ आणि ‘फों’ अशी गावे छापलेली कोणाला चालतील?

त्याऐवजी एसएनप्रिंटएफ वापरा. १९९९ च्या मानकापासून ती सी भाषेत आहे. तिला ॲरेचे माप द्यायचे. ती त्या मापाबाहेर लिहीत नाही, शून्य नेहमी लावते आणि संपूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते हे परत सांगते. हा परत आलेला आकडा मापाइतका किंवा त्याहून मोठा असेल तर नाव कापले गेले असे समजावे. बहुतेक जण हा आकडा पाहतच नाहीत आणि मग फंक्शनला दोष देतात.

ॲरेचे मापही वाढवा. गावासाठी ६४ बाइट ठेवले तर देवनागरीची एकवीस चिन्हे आणि समाप्तीचा शून्य मावतो, आणि आपल्याकडच्या गावांच्या नावांना ते पुरावे. देणगीदाराचे पूर्ण नाव मात्र कितीही लांब असू शकते. तिथे स्ट्रलेनने लांबी काढून तीत एक मिळवावा आणि तेवढी जागा मॅलॉककडून मागावी. तो एक विसरला की वरचा पणजीचा किस्सा पुन्हा घडतो, फक्त या वेळी तो इतका स्वच्छ दिसत नाही. कापणे टाळताच येत नसेल, तर कापण्याच्या जागी असलेला बाइट १२८ ते १९१ या दरम्यानचा आहे का ते पाहावे. असेल तर तो एखाद्या चिन्हाच्या मधला आहे, म्हणून एकेक बाइट मागे सरकत त्या टप्प्याबाहेरचा बाइट सापडेपर्यंत जावे आणि तिथे शून्य ठेवावा. एवढ्याने चिन्ह तुटत नाही, जोडाक्षर मात्र तुटू शकते.

अक्षरे मोजण्यासाठी बाइटांची लांबी तीनने भागावी, ही सूचनाही सोडून द्या. ‘वास्को द गामा’ पस्तीस बाइटांचा आहे, कारण दोन मोकळ्या जागा एकेका बाइटच्या. चिन्हे मोजायची तर १२८ ते १९१ या टप्प्याबाहेरचे बाइट मोजावेत. माणूस ज्याला अक्षर म्हणतो ते मोजायचे असेल तर मात्रा आणि जोडाक्षरे यांचा वेगळा हिशेब करावा लागतो. त्यासाठी आयसीयू ही तयार लायब्ररी आहे, पण वर्गणीच्या यादीला तिची गरज नाही. बाइट छापून पाहिले तेव्हा ‘प’साठी उणे ३२, उणे ९२, उणे ८६ असे आकडे आले, असेही तुम्ही लिहिले आहे. तो बिघाड नाही. तुमच्या कंपायलरवर साधा कॅर अधिक-उणे धरणारा आहे, म्हणून १२७ च्या पुढच्या किमती उणे दिसतात. वरची टप्प्याची तपासणी करण्यापूर्वी बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये (उणे किंमत नसलेल्या प्रकारात) घ्या, नाहीतर ती अट कधीच खरी ठरणार नाही.

वास्कोचा विषय निघालाच आहे तर वाचण्याबद्दलही सांगतो. स्कॅनएफ या वाचणाऱ्या फंक्शनला मजकूर वाचायला सांगणारी टक्का-एस ही खूण मोकळ्या जागेवर थांबते, म्हणून तुमच्या यादीत नुसते ‘वास्को’ येईल आणि ‘द’ हे पुढच्या रकान्यात जाईल. ओळ एफगेट्स या, ॲरेचे माप घेऊन वाचणाऱ्या फंक्शनने वाचा. जुने गेट्स एखाद्या पुस्तकात दिसले तरी वापरू नका. त्याला माप देताच येत नाही, १९८८ च्या मॉरिस वर्म या, आपोआप पसरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रॅमने याच छिद्रातून कित्येक संगणकांत शिरकाव केला होता आणि २०११ च्या मानकाने ते भाषेतून काढून टाकले. एफगेट्स ओळीच्या शेवटचे नव्या ओळीचे चिन्ह सोबत आणते, ते काढून टाकल्याशिवाय तुलना जुळणार नाही. विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्सवर वाचत असाल तर त्याआधी १३ किमतीचा आणखी एक बाइट असतो. आणि यादीतील केवळ पहिलेच गाव कधी सापडत नसेल तर फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट आहेत का ते तपासा. काही एडिटर यूटीएफ-८ ची खूण म्हणून ते घालतात आणि पडद्यावर ते दिसत नाहीत.

नावे सारखी आहेत का हे पाहण्यासाठी ‘==’ या चिन्हाने केलेली तुलना फसते कारण तिथे मजकुराची नव्हे, पत्त्यांची तुलना होते. मजकुराची तुलना करणारे स्ट्रकंप वापरा आणि उत्तर शून्य आले तर दोन्ही सारखे, हे ध्यानात ठेवा. तरीही एखादे नाव जुळले नाही तर टंकलेखनाकडे पाहा. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र एका कीबोर्डवरून सहा बाइटांचा येतो, तर दुसऱ्यावरून अदृश्य जोडचिन्हासह नऊ बाइटांचा. डोळ्यांना दोन्ही एकच, स्ट्रकंपला निराळे. यादी भरणारी माणसे एकाहून अधिक असतील तर वाचतानाच एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे. रकमेबाबतही हेच: कोणी ‘५०१’ देवनागरीत टंकले तर मजकुराची संख्या करणारी एटूआय शून्य परत करील, कारण तिला फक्त रोमन लिपीबरोबरचे अंक ओळखता येतात. देवनागरी अंकाचे पहिले दोन बाइट २२४ आणि १६५ असतात आणि तिसऱ्यातून १६६ वजा केले की अंकाची किंमत मिळते. त्यासाठी दहा-बारा ओळींचे फंक्शन पुरेसे आहे.

वर्णानुक्रम लावतानाही स्ट्रकंपवर विसंबू नये. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. सेटलोकेलने मराठी लोकेल (त्या भाषेच्या नियमांचा संच) निवडून त्या नियमांनी तुलना करणारे स्ट्रकोल वापरावे. अर्थात ते लोकेल त्या संगणकावर बसवलेले असले पाहिजे. तुमच्या छापलेल्या यादीतील रकाने सरळ येत नाहीत याचे कारण तुम्हाला एव्हाना कळले असेल: प्रिंटएफमधील वीसची रुंदी वीस बाइटांची असते, म्हणून पणजीपुढे आठ मोकळ्या जागा पडतात आणि म्हापशापुढे एकही नाही. देवनागरी अक्षराची रुंदी फाँटवर आणि टर्मिनलवर अवलंबून असल्यामुळे या दुरुस्तीच्या मागे लागू नका, असे मी सुचवीन. स्वल्पविरामांनी विभागलेली फाइल तयार करून ती स्प्रेडशीटमध्ये उघडावी आणि पावत्या तिथून छापाव्यात.

शेवटी तपासणीविषयी. तुम्ही ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरीतील चुका पकडणारा तपासनीस लावून पाहिला आणि त्याने काहीच तक्रार केली नाही, असे लिहिले आहे. तसे होणे स्वाभाविक आहे. पणजी आणि फोंडा यांचे बाइट त्याच स्ट्रक्चरच्या आत सांडले, म्हापशाचे बाइट त्याच ॲरेतील पुढच्या नोंदीत. सॅनिटायझर पहारा ठेवतो तो संपूर्ण ॲरेच्या कुंपणावर, आतल्या घरांवर नाही. जीसीसी या कंपायलरला दुसऱ्या पातळीचे ऑप्टिमायझेशन आणि ‘फोर्टिफाय सोर्स’ या जादा तपासणीच्या सोयीची किंमत दोन देऊन तुमचा जुना प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा. त्या पातळीवर स्ट्रकॉपी स्ट्रक्चरमधील त्या एका ॲरेचे माप पाहते, त्यामुळे पणजीवरच प्रोग्रॅम बफर ओव्हरफ्लोचा (जागेबाहेर लिहिल्याचा) संदेश देऊन थांबायला हवा. तो तसा थांबतो हे पाहिल्यानंतरच दुरुस्त्या करायला घ्या, आणि दुरुस्त्या झाल्यावर पहिली चाचणी यादीतील सर्वांत लांब नाव शेवटच्या नोंदीत घालून घ्या.