७८ टक्के आणि जप्त केलेला लॅपटॉप

प्रश्न : मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. रात्र-रात्र जागून अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या निकालांचे अंदाज काढतो. ७८ टक्के बरोबर येतात म्हणतो. सट्ट्याचा नाद नको म्हणून लॅपटॉप काढून घेतला. यात कमाई आहे का, की एमपीएससीला बसवू? (एक आडते, मार्केट यार्ड, सोलापूर)

उत्तर : अहो, मुलाला सट्टेबाज म्हणायचं आणि त्याच पत्रात कमाईही विचारायची? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो विषय संपला. त्याने कुठे पैसे लावल्याचं तुम्हीही लिहिलेलं नाही. लॅपटॉप परत द्या.

आता ते ७८ टक्के. मला ते पटत नाहीत. एनएचएल म्हणजे तिकडची आइस हॉकीची लीग, तिचे ३२ संघ बऱ्यापैकी तुल्यबळ, संघामागे गोल सरासरी तीनच्या आसपास. चकती खांबाला लागून आत गेली की बाहेर, एवढ्यावर सामना फिरतो. अंदाज काढणारी चांगली मॉडेलंही साठ टक्क्यांच्या आसपास अडकतात. त्यापुढे आकडा गेला की गडबड बहुधा एकच असते: नोव्हेंबरच्या सामन्याचा अंदाज अख्ख्या हंगामाच्या सरासरीवरून काढलेला असतो, आणि त्या सरासरीत त्याच सामन्याचे गोल आलेले असतात. लिलाव झाल्यावर पट्टी बघून कांद्याचा सकाळचा भाव 'ओळखावा', तसं. त्याला सामने तारखेने लावू द्या, प्रत्येक सामन्याला आदल्या दिवसापर्यंतचेच आकडे वापरू द्या, शेवटचा हंगाम चाचणीसाठी बाजूला ठेवू द्या. मग ब्रायर स्कोअर काढायचा, म्हणजे सांगितलेली शक्यता आणि निकाल यांतल्या फरकाच्या वर्गांची सरासरी; ती जितकी कमी तितकं चांगलं. सगळीकडे ५०-५० म्हटलं तरी तो ०.२५ येतो, त्याच्या खाली आला तरच मॉडेलला काही कळतंय.

पॉयसाँ (सरासरीवरून किती गोल होण्याची शक्यता किती, हे सांगणारं सूत्र) वापरत असेल तर बरोबऱ्याही मोजू दे. दोन संघांची सरासरी ३.२ आणि २.७ गोल धरली तर शंभरात सोळा-सतरा सामने बरोबरीत निघतात. प्रत्यक्षात ठरलेल्या वेळेत त्याहून जास्त बरोबरीत सुटतात, कारण पिछाडीवरचा संघ शेवटी गोलकीपर काढून जादा खेळाडू उतरवतो, आणि बरोबरी असली की एकेक गुण पक्का म्हणून दोघेही जपून खेळतात. हे त्याचं त्याला सापडलं तर मुलाखतीत सांगण्यासारखं काम झालं.

पुढच्या वाटा : जॅमचा (आयआयटींतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एम.स्टॅट., नाहीतर आपलं सोलापूर विद्यापीठ. सरकारी नोकरीच हवी असेल तर यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस याच विषयावर आहे.

एमपीएससी त्याला हवी आहे का? तुमच्या पत्रात त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीचंही नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, दुरुस्त केलेल्या आकड्यासह. तो ७८ वरून ५८ वर आला तर टोमणा मारू नका.