वाचकांचे प्रश्न : दोन गाड्यांच्या मधल्या वेळात उभे राहिलेले गाव

प्रश्न : आमच्या मुलीचा विवाह यंदा झाला आणि ती डोंबिवलीस राहावयास गेली. जावई सकाळी सातला घर सोडतात व रात्री साडेआठच्या सुमारास परततात. मुलीलाही आता ठाण्यात नोकरी लागली आहे. आमच्या नात्यातील एक गृहस्थ म्हणाले, ‘डोंबिवली म्हणजे मुंबईचे झोपण्याचे गाव, तिथे माणसे फक्त रात्रीपुरती असतात.’ या गावाला स्वतःचा काही इतिहास आणि समाजजीवन आहे की नाही, हे कृपया सांगावे.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : त्या गृहस्थांचे निरीक्षण निम्मे खरे आहे. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर रामनगर किंवा टिळकनगर भागातील एखाद्या गल्लीत उभे राहिले, तर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, आजोबा नातवाला शाळेच्या रिक्षात बसवताना दिसतात, पण कमावत्या वयाचे माणूस क्वचितच भेटते. ते तोवर घाटकोपर ओलांडून गेलेले असते. मात्र एवढ्यावरून गावाला स्वतःचे जीवन नाही असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. डोंबिवली स्थानकाचे वर्ष मात्र १८८७ सांगितले जाते. म्हणजे तीसहून अधिक वर्षे आगगाडी या परिसरातील भातखाचरांच्या कडेने शिट्टी देत जात होती, पण थांबत नव्हती. कल्याण हे प्राचीन बंदर आणि मोठी बाजारपेठ असल्याने गाडी त्याच्यासाठी आली. डोंबिवलीचे मोल तिला पुढे कळले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत नोकरी करणारी काही कुटुंबे येथे येऊन राहिली आणि १९२४ मध्ये गणेश मंदिर उभे राहिले. गावाच्या सार्वजनिक जीवनाचे ते आजही केंद्र आहे.

डोंबिवली खऱ्या अर्थाने भरली ती स्वातंत्र्यानंतर, आणि त्यामागे मुंबईतील घरभाड्यांचा मोठा हात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तेथील भाडी गोठली. जुन्या भाडेकरूंना त्याने संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे मालकांना परवडेनासे झाले आणि रिकाम्या होणाऱ्या खोलीसाठी पागडी मागण्याची रीत पक्की झाली. गिरगावात किंवा दादरला दोन खोल्यांत तीन भाऊ राहत असतील, तर मधल्याचे लग्न ठरताच प्रश्न उभा राही, आणि कारकुनाच्या पगारात पागडी भरणे शक्य नसे. रेल्वेचा मासिक पास मात्र शक्य असे. त्यामुळे तो भाऊ आपला संसार घेऊन मुख्य मार्गावर पुढे पुढे सरकत डोंबिवलीस उतरला. आधी आवारात विहीर असलेली बैठी घरे, चाळी आणि दुमजली इमारती, नंतर सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि साठच्या दशकात औद्योगिक वसाहत, अशी ही वाढ झाली. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली.

आता समाजजीवनाकडे वळतो. ज्या गावातील माणसांचे रोज अडीच-तीन तास गाडीत जातात, त्या गावात सार्वजनिक काम कधी होणार? डोंबिवलीने याचे उत्तर शोधले ते असे की, उरलेला वेळ कितीही थोडा असला तरी तो एकत्र घालवायचा. येथील संस्थांच्या कार्यकारिणीच्या बैठका रात्री साडेनऊला सुरू होतात, जेवणे उरकल्यावर. व्याख्यान ठेवायचे तर रविवारी सकाळी. शाळा काढणारे, ग्रंथालय चालवणारे, सहकारी बँकेसाठी भागभांडवल जमवणारे लोक बहुतांशी असे नोकरदारच होते. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची आहे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे ही साहित्यिक मंडळी याच गावात राहिली, आणि २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या अदलाबदलीचा जो उपक्रम सुरू केला, तेथे आपले वाचून झालेले पुस्तक द्यायचे आणि दुसऱ्याचे घेऊन जायचे, यासाठी रांगा लागतात.

गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची कल्पना आज महाराष्ट्रभर रुजली आहे. ठाणे व गिरगावच्या यात्रा तर दूरचित्रवाणीवर दिसतात. तिचा आरंभ १९९९ मध्ये डोंबिवलीत, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने आणि आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून फडके रोडवर येण्याची रीत याहून जुनी आहे. तेथे ठरलेला कार्यक्रम असा काही असावा लागत नाही. शाळा सुटल्यावर पांगलेले मित्र गणपतीचे दर्शन घेतात, रस्त्यात उभे राहतात आणि बोलतात. वर्षभर समोरासमोरच्या फलाटांवरून नुसता हात हलवणाऱ्या माणसांना एवढेच हवे असते, असे मला वाटते.

आपल्या मुलीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगतो. संध्याकाळी साडेसातला स्थानकातून पूर्वेला उतरल्यावर तिला पोळी-भाजी केंद्रे दिसतील. पातळ फडक्याखाली पोळ्यांची चळत, शेजारी दोन-तीन भाज्यांची पातेली, आणि समोर रांग. रांगेतल्या पुष्कळांची सॅक गाडीतल्यासारखी अजून छातीवरच असते. ती पाठीवर घ्यायचे भान राहिलेले नसते. ‘सहा पोळ्या आणि एक मटकी’ एवढे बोलून माणसे घराकडे वळतात. काही जुन्या मंडळींनी या केंद्रांना आरंभी नाके मुरडली, पण माझ्या मते डोंबिवलीच्या इतिहासात त्यांचे स्थान ग्रंथालयाइतकेच महत्त्वाचे आहे. घरोघरीच्या बायकांनी आपल्या हाताच्या कसबावर चालवलेला हा व्यवसाय आहे, आणि त्याने नोकरी करणाऱ्या दुसऱ्या बायकांना संध्याकाळचा एक तास परत मिळवून दिला. आपल्या मुलीने त्या तासात एखाद्या संस्थेत नाव नोंदवले, तर तिला हे गाव फार लवकर आपले वाटू लागेल.

प्रश्न : डोंबिवलीवरील बहुतेक लेख १९२४ च्या गणेश मंदिरापासून आणि मुंबईहून आलेल्या नोकरदारांपासून सुरू होतात. आमची घराणी त्याआधी किती पिढ्या येथे शेती करीत होती. आमचा इतिहास कोणी लिहिणार की नाही?
— एक वाचक, मोठागाव, डोंबिवली पश्चिम

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि वरच्या उत्तरात मीही पुष्कळसा तोच क्रम धरला, हे मान्य करतो. मोठागाव, पाथर्ली, आयरे, चोळे, ठाकुर्ली, कोपर, नांदिवली, सागाव, गोळवली ही आज रिक्षावाल्याला सांगायची नावे झाली असली, तरी ती मुळात गावे आहेत आणि त्यांतील आगरी व कोळी समाज रेल्वेच्या पुष्कळ आधीपासून भातशेती, मासेमारी आणि खाडीवरची कामे करीत आला आहे. पश्चिमेकडील रेतीबंदराचे नावच खाडीतून निघणाऱ्या रेतीची आठवण सांगते. ज्या खाचरांत भात पिके, त्यांवर गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. बाहेरून आलेल्याला ती ‘स्वस्तातली जागा’ वाटली, पण गावकऱ्याच्या दृष्टीने ती त्याची पिढीजात जमीन होती.

रेल्वे आणि गावे यांचा संबंध केवळ प्रवाशांपुरता नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. कल्याणच्या पुढे घाटांकडे जाणाऱ्या मार्गांच्या विद्युतीकरणासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीने, चोळे येथे वीजनिर्मिती केंद्र उभारले व ते १९२९ मध्ये सुरू झाले. पुढे साठ वर्षांच्या आतच ते बंद पडले, पण ‘चोळा पॉवर हाउस’ हे नाव आणि रेल्वे कामगारांची बावन चाळ अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. परिसरातील सत्तावीस गावांचे महानगरपालिकेशी असलेले नातेही सरळ राहिलेले नाही. १९८३ मध्ये ती तिच्यात आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली, आणि स्वतंत्र नगरपालिकेची मागणी तेथे दीर्घकाळ टिकून आहे. पाणी, कर आणि जमिनीवरील आरक्षणे यांचे निर्णय आपल्याला न विचारता होतात, ही भावना त्यामागे आहे व ती समजून घेण्याजोगी आहे.

डोंबिवलीत भरणाऱ्या आगरी महोत्सवामुळे या समाजाची बोली, खाद्यपदार्थ आणि गाणी शहरी वस्तीसमोर आली, हे चांगले झाले. तथापि मला त्याहून तातडीचे वाटते ते धवलारिणींचे काम. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या या वृद्ध स्त्रियांना विधींचा क्रम, देवदेवता आणि नातीगोती गाण्यांतून मुखोद्गत असतात. आपल्या गावात अशी कोणी आजी असेल, तर येत्या लग्नसराईतच तिचे गाणे तिच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि शब्द तिच्याकडूनच तपासून, बोलीत जसे आहेत तसेच लिहावेत; प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नयेत.

प्रश्न : गाडीतील भजनी मंडळे आणि ‘ग्रुप’ यांना आपण समाजजीवन म्हणता काय? मी दोन वर्षांपूर्वी येथे राहावयास आले. रोज एक ग्रुप दाराशी उभा असतो आणि नव्या माणसाला आत शिरू देत नाही.
— एक प्रवासी वाचिका, डोंबिवली पूर्व

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच डब्यात असतात, हे आपण म्हणता ते खरे आहे. टाळ वाजवत अभंग म्हणणारी मंडळे, दसऱ्याला डब्याला बांधलेली झेंडूची तोरणे, भाजी निवडता निवडता दिलेले बाळंतपणाचे सल्ले आणि कोणी आजारी पडल्यास सगळ्यांनी मिळून जमवलेले पैसे, हे सर्व मी पाहिलेले आहे आणि मला ते मोलाचे वाटते. परंतु दार अडवून ठेवणे किंवा रुमाल टाकून जागा धरणे यांत मोलाचे काही नाही. मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दाराशी लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, त्यानंतर तर दार मोकळे ठेवण्याची गोष्ट केवळ शिष्टाचाराची राहिलेली नाही.

प्रवासाची रचनाही या काळात बदलली. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जाईनाशा झाल्या. १९१६ चा हा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. आत शिरताच डब्यातील आवाज बदलत असे, पेंगणाऱ्यांचे डोळे उघडत, ठाण्याला उतरणारे न सांगता पुढे सरकत आणि बाकीचे त्यांना वाट करून देत. त्या जागरणाने डब्याला एक शिस्त लावली होती, हे तो बोगदा मार्गातून गेल्यावर माझ्या लक्षात आले. आपणास माझी सूचना अशी की, त्याच डब्यात रोज चढावे आणि ग्रुपमधील एकीशी, गर्दी नसेल त्या परतीच्या वेळी, शांतपणे बोलावे. सकाळी दारात घातलेला वाद मी कधी मिटलेला पाहिलेला नाही. परतीच्या गाडीत झालेली ओळख मात्र पुष्कळदा टिकते.

प्रश्न : मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. एखाद्या उपनगरी गावाचा इतिहास लिहायचा तर साधने कोठे शोधावीत?
— एक विद्यार्थिनी, बदलापूर

उत्तर : १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका प्रथम पाहाव्यात, पण तेथेच थांबू नये. तलाठी कार्यालयातील सातबारा आणि फेरफारांच्या नोंदींवरून कोणते शेत कोणत्या वर्षी बिनशेती झाले, हे कळते. अशा पन्नास नोंदी नकाशावर मांडल्या की गावाची वाढ डोळ्यांसमोर उभी राहते. शाळांच्या जुन्या दाखलपत्रांत मुलाचे जन्मस्थान आणि पूर्वीची शाळा लिहिलेली असते, त्यावरून कुटुंबे कोठून आली ते समजते. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या स्मरणिका जाहिरातींसह वाचाव्यात, कारण त्या काळी कोणती दुकाने होती याची दुसरी नोंद सहसा कोणी ठेवलेली नसते. गृहनिर्माण संस्थांची सभावृत्ते तर फारच बोलकी असतात : पाण्याच्या टाकीसाठी किती सभा झाल्या, विहीर बुजवायला कोणी विरोध केला, हे सारे त्यांत असते.

यांतील पुष्कळसे कागद सध्या पुनर्विकासात नष्ट होत आहेत. इमारत रिकामी करताना संस्थेचे जुने दप्तर रद्दीवाल्याकडे जाते. बदलापुरात तुमच्या ओळखीची एखादी जुनी सोसायटी पाडायला निघाली असेल, तर तिच्या चिटणीसांना आजच भेटावे आणि त्या कपाटातील सभावृत्तांची छायाचित्रे काढू देण्याची विनंती करावी.