१० बाय १२ ची खोली स्वतः रंगवली तर किती खर्च येतो? कोकणात आणि विदर्भात खर्च वेगळा येतो का?

तुम्ही लिहिलंय की एक खोली गुहागरला रंगवायचीये आणि एक अमरावतीला, साइज सारखीच, मग स्क्वेअर फुटाला एकच दर धरून दोन्हीकडचं बजेट काढलं तर चालेल का. नाही चालणार. अगदी हाच हिशेब माझा सख्खा मोठा भाऊ वर्षानुवर्षं मांडतोय आणि त्यावरून आमची फोनवर चांगली जुंपलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही.

आकडा आधी सांगून टाकते. १० बाय १२, उंची १० फूट, म्हणजे चार भिंती ४४० स्क्वेअर फूट, दार-खिडकी वजा जाता ४०० धरा, वर छत १२०. झाले ५२०. दोन हात मारायला ९ ते १० लिटर इमल्शन (पाणी घालून मारायचा रंग) लागतं. डब्यावर यापेक्षा भारी कव्हरेज लिहिलेलं असतं, ते प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारलेल्या गुळगुळीत भिंतीचं असतं, आपल्या घरच्या भिंतीचं नाही. साधं इमल्शन लिटरला दीडशे-दोनशे, चांगल्यातलं घेतलं तर चारशेच्या पुढे. रोलर, दोन ब्रश, लांबी म्हणजे पुट्टी भरायच्या पत्र्याच्या पत्त्या, पॉलिश पेपर, टेप हे सगळं मिळून सातशे-आठशे. इथपर्यंतचा हिशेब गुहागर काय आणि अमरावती काय, सारखाच. फरक पडतो तो भिंतीमुळे, आणि भिंत कशी आहे ते तिकडच्या हवेवर ठरतं.

मी लग्नानंतर नागपूरला आले, माहेर राजापूर तालुक्यात. दोन्ही घरातली एकेक खोली मी स्वतः रंगवलीये, रंगारी न लावता, आणि दोन्हीची बिलं माझ्याकडे फाइलला लावून ठेवलेली आहेत कारण दादाला दाखवायची होती. नागपूरची बेडरूम साडेतीन हजारात झाली. जुना इमल्शन धड होता, एका भिंतीवर तेवढी लांबी भरावी लागली, ती पण कुठली तर खिडकीत कूलर बसतो त्या भिंतीची. विदर्भातल्या लोकांना हे सांगायला नको, चार महिने कूलरचं पाणी उडून उडून खिडकीखालची पुट्टी फुगतेच. तेवढा भाग खरवडला, वाळू दिला, लांबी, प्रायमर, झालं. बाकी भिंती पुसून नुसते दोन हात.

तिथे त्रास वेगळाच आहे, रंग नको इतका पटकन वाळतो. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला दुपारी रोलर चालवला की पहिला पट्टा वाळून जातो आणि शेजारचा त्याच्यावर चढला की तिथे रेघ उठते, संध्याकाळी ट्यूब लावली की सगळी भिंत पट्ट्यापट्ट्याची दिसते. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या कामाला लागायचं, पंखा बंद ठेवायचा, एक भिंत हातात घेतली की ती पुरी करूनच उठायचं. सिमेंटची लांबी मारण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडायचं, नाहीतर कोरडी भिंत लांबीतलं पाणी ओढून घेते आणि मग ती बोटाला पिठासारखी लागते. यात पैसे जास्त जात नाहीत, फक्त घाई करून चालत नाही. दसऱ्यानंतर रंगवलं तर हा पण त्रास नाही.

आता राजापूर. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, पश्चिमेला पडवी आहे पण आईच्या खोलीची एक भिंत उघडी, तिच्यावर पावसाची झड थेट येते. वडील होते तोवर त्या बाजूला पावसाआधी माडाच्या विणलेल्या पात्यांचे झाप बांधायचे, आणि घराला दरवर्षी चुना असायचा. पुढे दादाने ठाण्याहून पैसे पाठवून आतून-बाहेरून लांबी आणि इमल्शन करून घेतलं आणि तेव्हापासून दरवर्षी एकच रड, गणपतीच्या आधी रंगारी येतो, घर चकाचक होतं, फोटो काढून होतात, आणि दिवाळीपर्यंत त्या भिंतीचे पोपडे गादीवर पडायला लागतात. आईला आधीच दम्याचा त्रास, त्यात भिंतीला बुरशीचे काळे ठिपके. दरवर्षी दादाचं म्हणणं एकच, रंगाऱ्याने पाणी जास्त घातलं.

पाणी भिंतीत आहे रे बाबा, डब्यात नाही!

चिरा हा सच्छिद्र दगड, चार महिन्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेतो, शिवाय जोत्यातून ओल वर चढते ती वेगळी. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले, म्हणजे जून-जुलैचं पाणी भिंतीत मुरलेलं आणि बाहेर अजून पडतंय, अशा वेळी आतून इमल्शनचा पापुद्रा चढवला की ओलीला आतल्या बाजूने निघायला वाट राहत नाही. ती रंगाला ढकलूनच बाहेर येते. चुन्याचं तसं नसतं, त्यातून भिंत वाळते, आणि चुन्यावर बुरशीही सहजी धरत नाही. आधीच्या लोकांना हे कळत होतं, दरवर्षी चुना मारणं म्हणजे गरिबी नव्हती.

तर मी फेब्रुवारीत गेले. त्या भिंतीवर पत्ती लावली तर लांबी खरवडावी लागलीच नाही, ओल्या कणकेसारखी पत्तीवर गोळा होऊन आली, आणि खाली गिलाव्यावर पांढरे बारीक केस उभे असतात तसं मीठ फुटलेलं. फेब्रुवारीत हे, मग ऑगस्टमध्ये काय असेल विचार करा. जोत्यापासून तीनेक फुटापर्यंत गिलावा नुसता भुसभुशीत झाला होता, तो गवंडी लावून काढला, वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घालून नवीन केला, बाहेरच्या बाजूच्या भेगा भरल्या, बुरशीवर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून धुतलं, मीठ कोरड्या ब्रशने झाडलं (मीठ पाण्याने धुवू नका, विरघळून परत भिंतीत जातं). मग घर उघडं टाकून मी चक्क नागपूरला निघून आले. नवीन गिलावा महिनाभर तरी वाळायला लागतो, त्याच्या आधी रंग लावायचा नाही. परत गेले तेव्हा दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत ओली. एका कोपऱ्यात दिसले, तो कोपरा अजून थांबवला, बाकीची खोली सुरू केली. पूर्ण लांबी, पूर्ण प्रायमर, दोन हात.

खर्च आला सात हजारांच्या वर. यात रंगाचं बिल किती? नागपूरइतकंच, दोन हजाराच्या आतबाहेर. बाकी सगळं भिंतीवर गेलं, गवंड्याची मजुरी आणि सिमेंट-वाळू, ४० किलोची लांबीची गोणी, प्रायमर. यावर दादाचा फोन, "नागपूरला साडेतीन आणि इथे सात? बाई माणूस बघून दुकानदाराने गंडवलं तुला." हे मला लागलं, अजून लागतं. त्याने स्वतः आयुष्यात एक भिंत खरवडलेली नाही, एक्सेलमध्ये लांबी गुणिले रुंदी करतो आणि मला भाव शिकवतो. ती भिंत पुढचा अख्खा पावसाळा टिकली, आईच्या गादीवर एक पोपडा पडला नाही, यावर मात्र फोन आला नाही.

तुमच्या अमरावतीच्या खोलीला भिंत धड असेल तर साडेतीन-चार हजार ठेवा. गुहागरला आधी भिंत बघा, बजेट मग ठरवा. समुद्राजवळ खारी हवा असते, खिडकीचे गज असतील तर त्यांना रेडऑक्साइड (गंज अडवणारा लाल रंग) वेगळं धरा, ते लोक हमखास विसरतात. आणि गुहागरच्या हिशेबात दिवस पण धरा, डब्यावर दोन हातांमध्ये चार तास लिहिलेले असतात ते कोरड्या हवेतले, हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग लावूच नये. महाबळेश्वर-पाचगणीवाल्यांनाही हेच लागू, तिथे वर थंडी पण. आतून डॅम्पप्रूफ कोट (ओल अडवणारा थर) मारा म्हणून दुकानदार मागे लागेल, ओल जोत्यातून येत असेल तर तो कोट पैसे पाण्यात आहे, ओल त्याच्या वरून निघेल. खर्च करायचा तर बाहेरच्या बाजूला करा.

राहिलंच, हे भाव माझ्या बिलांवरचे आहेत, तुमच्याकडे इकडेतिकडे होतील. जुन्या चुन्यावर थेट इमल्शन लावू नका, चुना खरवडूनच काढायचा. आणि घर जुनं असून दारं-खिडक्या ऑइलपेंटच्या असतील तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्याआधीच्या रंगात कितीही असू शकतं, घरात लहान मूल असेल तर ती धूळ फार वाईट. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क.

गणपतीच्या आधीच रंगवा असा घरून आग्रह होईल, आमच्याकडे अजून होतो. प्लास्टिक लावून बघा, ज्या भिंतीला थेंब नाहीत तेवढीच रंगवा, आणि जिला आहेत तिच्यापुढे मखराचा पडदा जरा रुंद बांधा. उरलेला डबा घट्ट झाकून ठेवा आणि फेब्रुवारीत काढा. आमच्या दादालाही मी यंदा हेच सांगितलंय, पैसे पाठवायचे तर फेब्रुवारीत पाठव, ऑगस्टमध्ये आलेले मी परत करणार आहे.