‘नेहमी’ या उत्तराचं काय करायचं?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘कोविड महासाथीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन’ हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, शंभराच्या वर मुलांनी भरला. विषाणू कसा पसरतो, लक्षणं कोणती, सगळं सगळ्यांना येतं. ‘मास्क वापरत होतात का?’ याला जवळजवळ सगळ्यांनी ‘नेहमी’वर टिक केली आहे. सर म्हणतात, ज्ञान चांगलं म्हणून वर्तन चांगलं असं लिही आणि शिफारशीत जनजागृती टाक. पण मॅडम, मी तेव्हा एफ.वाय.ला होते. एप्रिल २०२१ मध्ये मला वास येईनासा झाला. आई लसणाची फोडणी देत होती आणि मला काहीच कळत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. वडिलांची रिक्षा घरी उभी राहिली असती, गल्लीनं वाळीत टाकलं असतं. आठ दिवस आजीशेजारीच झोपले. आजीला काही झालं नाही, पण अजून कधी कधी रात्री ते आठवतं. हा फॉर्म मला कुणी दिला असता तर मीही ‘नेहमी’च लिहिलं असतं. मग माझं सगळं काम खोटंच ना?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : खोटं नाही गं. पण तुझ्या पत्रातल्या त्या आठ दिवसांत जेवढं आहे, तेवढं त्या शंभर फॉर्मांत नाही, हेही खरं.

आधी माझं ऐक. सप्टेंबर १९९४. सुरतेत फुप्फुसाचा प्लेग, लाखो माणसं शहर सोडून निघालेली. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमची, म्हणजे जनवैद्यकशास्त्राची, लेक्चरर होते. प्रतिबंधक टेट्रासायक्लिन फक्त रुग्णाच्या निकट संपर्कातल्यांना द्यायचं, गावभर वाटायचं नाही, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. मुलांनी चाचणी परीक्षेत ते बरोबर लिहिलंही. आणि त्याच आठवड्यात वसतिगृहात गाद्यांखाली टेट्रासायक्लिनच्या पट्ट्या सापडल्या. रेक्टर माझ्याकडे तक्रार घेऊन आले, ‘मॅडम, तुम्ही शिकवता काय यांना?’ मी गप्प बसले, कारण माझ्या पर्समध्येही एक पट्टी होती. माझ्या पाच वर्षांच्या मुलीसाठी घेतलेली. आठ वर्षांखालच्या मुलांना ते औषध देत नाहीत, दातांवर कायमचे डाग पडतात, हेही मीच शिकवत असे. ती पट्टी मी वापरली नाही, पण फेकायलाही दोन महिने घेतले.

आता सांग, माझ्या ज्ञानाला किती गुण?

आपल्याकडे यावर एक म्हण तयारच असते : कळतं पण वळत नाही. मला ती फारशी आवडत नाही. सगळा दोष ती माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवते. तुला कळत होतं. पण वळायचं तर वडिलांची रिक्षा चौदा दिवस उभी ठेवून वळायचं होतं. एका खोलीत पाच जण झोपत असतील तर ‘स्वतंत्र खोलीत विलगीकरण’ कुठल्या भिंतीत करायचं? याच्या उलट पुण्यातल्या मुली बघ. दुचाकीवर ऊन आणि धूळ नको म्हणून त्या कोविडच्या कितीतरी आधीपासून डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं गुंडाळतात. त्यांना मास्क जड गेला नाही. त्या सोलापूरच्या मुलींपेक्षा शहाण्या होत्या म्हणून नव्हे, त्यांना त्यासाठी काही मोजावं लागलं नाही म्हणून. (आणि चहाच्या टपरीवर तोच स्कार्फ गळ्यात यायचा, ते वेगळं.)

ज्ञान-दृष्टिकोन-वर्तन ही चौकट कोविडमध्ये जन्मली नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत कुटुंबनियोजनाच्या पाहण्यांत ती रुळली. आणखी मूल नको म्हणणाऱ्या बायका पुष्कळ आणि साधनं वापरणाऱ्या थोड्या, हे अंतर तेव्हाच दिसलं होतं. त्या अंतरात नवरा होता, सासू होती, दहा मैलांवरचं आरोग्य केंद्र होतं. कोविडमध्ये मात्र फॉर्म इतका स्वस्त झाला की ही आठवण राहिली नाही. चीनमध्ये जानेवारी २०२० च्या शेवटच्या आठवड्यात झालेली एक ऑनलाइन पाहणी पुढे जगभर उचलली गेली. ६,९१० जण, ज्ञानाचे बारा प्रश्न, सुमारे ९० टक्के उत्तरं बरोबर आणि ९८ टक्के लोक म्हणाले, बाहेर पडताना मास्क घातला. तुझी प्रश्नावली पाठवलीस ती वाचली. तिचं माहेर बहुधा तेच आहे.

तिच्यातला चौथा प्रश्न बघ : ‘निरोगी व्यक्तीने मास्क घालणे आवश्यक आहे. हो/नाही.’ मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता की मास्क आजारी माणसानं आणि त्याची काळजी घेणाऱ्यानं घालावा. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्या सरकारनं घरी शिवलेला मास्क वापरा म्हणून सांगितलं. ५ जूनला संघटनेनंही सल्ला बदलला. म्हणजे मार्चमध्ये ‘नाही’ लिहिणारा मुलगा हुशार आणि जूनमध्ये तोच ढ? तसंच पृष्ठभागाचं. दुधाची पिशवी साबणानं धुणाऱ्या घरांना तुझ्या फॉर्मात पैकीच्या पैकी गुण मिळतात. त्या घरांत खिडक्या बंद होत्या का, हे तू विचारलेलंच नाहीस, आणि हा विषाणू पिशवीपेक्षा बंद खोलीच्या हवेतून कितीतरी जास्त पसरला. विद्यार्थ्यांचं ज्ञान मोजताना ते कुठल्या महिन्याचं ज्ञान, हे लिहावंच लागेल.

आता ‘नेहमी’. चार-पाच वर्षांपूर्वी आपण काय करत होतो हे कुणाला नीट आठवत नाही, आणि आठवलं तरी मॅडम-सरांसमोर मांडायचं ते चांगलंच मांडतो. त्यात ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आणि रेंज, त्यांनीच फॉर्म भरला. ऑनलाइन तासासाठी टेकाडावर चढून बसणारी मुलं तुझ्या ग्रुपवर नसतील. म्हणून ‘मास्क वापरत होतात का’ असं विचारू नकोस. एखादी घटना विचार. त्या काळात तुला पहिला ताप आला तेव्हा आधी कुणाला सांगितलंस? चाचणीपर्यंत किती दिवस गेले? नाही केलीस तर कशामुळे? घरात किती माणसं, संडास किती? कुणाचं काम रोजावर होतं? वसतिगृह रिकामं करून विलगीकरण केंद्र झालं असेल तर तुझं सामान कुठे गेलं आणि तू कुठे गेलीस? पंधरा-वीस मुलांशी समोरासमोर बसून बोल. शंभर टिकांपेक्षा जास्त हाती लागेल.

लपवण्याबद्दल थेट विचारलंस तर उत्तर मिळणार नाही. त्याला एक जुनी युक्ती आहे, १९६५ पासून संख्याशास्त्रात तिचे वेगवेगळे प्रकार वापरतात. उत्तर देणाऱ्यानं तुला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर ‘हो’ लिहायचं, काटा आला तर खरं लिहायचं. प्रश्न : ‘लक्षणं असताना तू ती लपवलीस का?’ कुणाचं ‘हो’ नाण्याचं आणि कुणाचं मनातलं, हे तुलाही कळत नाही, म्हणून मुलं खरं बोलतात. समज, २०० जणांत १३० ‘हो’ आले. साधारण १०० नाण्याचे. उरलेल्या १०० जणांत ३० ‘हो’, म्हणजे शंभरात तीस जणांनी लपवलं. शंभरच मुलं असतील तर हा अंदाज बराच डळमळतो, तेव्हा जमल्यास तीन-चारशे गाठ. मोबाईलवर नको, वर्गात कागदावर कर. नाण्याचा आवाज आला पाहिजे, नाहीतर सगळे मनातल्या मनात काटाच पाडतात आणि ‘नाही’ लिहून मोकळे होतात!

सरांशी भांडू नकोस. आकडे आहेत तसेच ठेव, एकही टिक बदलू नकोस. त्यांना म्हण, ‘सर, हे वर्तन नाही, वर्तनाबद्दल मुलांनी सांगितलेलं आहे, तसं शीर्षकात घालू का?’ बहुतेक सर हो म्हणतात. आणि शिफारशीत जनजागृतीऐवजी रोजंदारी बुडते त्या घराला त्या दिवसांचे पैसे कोण देणार, हा मुद्दा घाल.

आजीशेजारी झोपलीस ते प्रबंधात लिहायचं की नाही, ते तू ठरव. आजी हयात असेल तर आधी तिला सांग. माझ्या अंदाजानं तिला तेव्हाच कळलं असेल, फोडणी करपली तरी नात काही बोलत नाही म्हणजे काय, हे आज्यांना कळतं.

प्रश्न : कोविडमध्ये सर्वांत बेफिकीर वागली ती कॉलेजची मुलं. आमच्या सोसायटीतले तर गच्चीवर रोज पत्ते कुटत. या पिढीला शिस्त कशी लावावी?
— सेवानिवृत्त बँक अधिकारी, नाशिक

उत्तर : पत्ते गच्चीवर कुटत होते ना? उघड्या हवेत? मग त्या काळातला बराच बरा कार्यक्रम म्हणायचा. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा असताना बंद हॉलमध्ये दोनशे पानं वाढली, त्या पत्रिका मुलांनी छापल्या नव्हत्या. मे २०२१ च्या सुरुवातीला केंद्र सरकारनं इंटर्न डॉक्टरांना कोविड ड्युटीवर घ्यायचं आणि एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून फोनवर सौम्य रुग्णांना सल्ला देऊन घ्यायचं ठरवलं. हीच ती पिढी. माझ्या शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलानं एप्रिलमध्ये रात्र रात्र जागून अनोळखी लोकांसाठी ऑक्सिजनचे नंबर तपासले, कुठला लागतो, कुठला बंद. दिवसा तो गच्चीवर पत्तेच खेळत असे.