नेटवर्क बूट: आधी दोनच मशीन घे

महापेच्या ऑफिसातल्या सगळ्या पीसींवर एका रात्रीत नेटवर्क बूटनं, म्हणजे पेनड्राइव्हऐवजी नेटवर्कवरून पीसी सुरू करून, लिनक्स टाकायचं म्हणतोस? जमेल. पण सुरुवात छोटी कर: एक सर्व्हर, एक रिकामा पीसी, मध्ये वेगळा स्विच. चालू नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) सोडलास तर निम्म्या मजल्याला भलतेच आयपी मिळतील आणि सकाळी सगळे तुलाच शोधत येतील.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

- बायोस (जुन्या पीसीतलं, तो सुरू करणारं सॉफ्टवेअर) आणि यूईएफआय (नव्यातलं) यांना बूट फाइल वेगवेगळी लागते. जुना पीसी चालतो, नवा नाही, असं झालं की आधी हेच बघ.
- आयपी मिळाला, पण पुढे टाइमआउट? बूट फाइल पाठवणारं टीएफटीपी यूडीपी पोर्ट ६९ वर सुरू होतं, फाइल मात्र दुसऱ्या पोर्टवरून येते. फायरवॉल तपास.
- इन्स्टॉल संपलं, रीबूट झालं, पुन्हा इन्स्टॉल सुरू! बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्कच वर ठेव. नेटवर्क बूट त्या वेळेपुरता बूट मेनूतून निवड.

किकस्टार्ट किंवा प्रीसीडची फाइल (इन्स्टॉलच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली) दुसऱ्या दिवशी. एकदा हातानं पूर्ण इन्स्टॉल होऊ दे, मगच ती जोड. ती फाइल न विचारता डिस्क पुसू शकते, तेव्हा अकाउंट्सवाल्यांचा पीसी चुकूनही त्या स्विचला लावू नकोस. सिक्युअर बूट (सही असलेलीच बूट फाइल चालू देणारी सोय), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) वगैरे नंतर बघू.