भारतरत्न हा किताब का? आणि तो नावाआधी लावायचा का?

'भारतरत्न मोरारजी देसाई' असं लिहिलं तर चालतं का, भारतरत्नला किताब म्हणायचं की पदवी की पुरस्कार, आणि त्यांना पाकिस्तानने दिलं ते निशान की निशाण, असे तीन प्रश्न एकदम आलेत.

किताब तर अजिबात नको. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत कलम १८ चा मथळाच 'किताब नष्ट करणे' असा आहे, म्हणजे रावबहादूर, रावसाहेब, सर हे जे इंग्रजी अमदानीतले तुरे होते ते बंद, त्यामुळे पेपरात 'भारतरत्न किताबाने गौरव' छापलेलं दिसलं की जे घटनेने बंद केलं तेच सरकारने वाटलं असा अर्थ होतो. पदवी म्हटलं की बीए, बीकॉमच डोळ्यासमोर येतं. सन्मान किंवा पुरस्कार म्हणा, विषय संपला. नुसतं वापरलं तर रत्न नपुंसकलिंगी, म्हणून 'त्यांना भारतरत्न मिळालं'. पुढे पुरस्कार जोडला की 'मिळाला'. आणि मराठीत तो समास आहे, जोडूनच लिहायचा.

आता नावाआधी लावण्याचं. नियमाने नाही लावायचं. हे असले सन्मान म्हणजे छुपे किताबच आहेत असं म्हणत काही लोक कोर्टात गेले होते, बालाजी राघवन खटला, तेव्हा डिसेंबर १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे किताब नाहीत, पण नावाच्या मागेपुढे मात्र लावू नका. 'भारतरत्न पुरस्काराने सन्मानित' असं लिहिता येतं.

गंमत अशी की हाच आक्षेप मोरारजींच्या सरकारनेही मानला होता. १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि भारतरत्न, पद्म सगळंच बंद केलं, १९८० मध्ये इंदिरा गांधींनी परत सुरू केलं, आणि १९९१ मध्ये त्याच मोरारजींना भारतरत्न मिळालं, सरदार पटेल आणि राजीव गांधींसोबत (ते दोघे मरणोत्तर). त्यांनी घेतलंही!

पण बोलण्यातली मराठी कोर्टाला विचारून चालत नाही. 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'भारतरत्न लता मंगेशकर' असं आपण सर्रास म्हणतो, तिथे तो शब्द किताब म्हणून येतच नाही, मायेने येतो. मोरारजींच्या नावाआधी तो मराठी माणसाच्या तोंडी कधी बसला नाही, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा, नोव्हेंबर १९५५ मध्ये, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते. हुतात्मा चौक म्हटलं की मोरारजी आठवतात ते असे. त्यांचा कडकपणा, दारूबंदी यावर वाद घालत बसा, पण या बाबतीत नियम आणि लोकांचा कान यांचं एकमत झालंय.

राहिलं निशान. १९९० मध्ये त्यांना मिळालं ते निशान-ए-पाकिस्तान, तिथला सर्वोच्च नागरी सन्मान. फारसीत निशान म्हणजे खूण, बिल्ला, आणि मधला ए म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त क्रम उलटा. मराठीत तोच शब्द निशाण होऊन झेंडा झाला, म्हणून 'निशाण-ए-पाकिस्तान' लिहिलं की पाकिस्तानचा झेंडाच हातात दिल्यासारखं वाटतं. तेव्हा न च ठेवा. आणि दिलीपकुमारांना १९९८ मध्ये मिळालं ते निशान-ए-इम्तियाज, ते वेगळं, दोन्हीची सरमिसळ फार होते.